स्वर मावळावा कसा?

चित्रपट, दूरचित्रवाणीवरील मालिका व जाहिराती यांच्या पार्श्वसंगीतात व्हायोलिन-चेलोंचा जो समुदाय आमच्या वाचकांच्या कानी नित्य पडतो, त्यात पुष्कळ वेळा वाजविणारा मनुष्य हजरच नसतो. कोणा वादकांनी पूर्वी कधी एकेक स्वर निरनिराळ्या जोराने वाजवून ठेवलेला असतो. त्या मुद्रित स्वरांचा साठा संगणकात असतो, आणि संगीतकार कळफलकावर बोट ठेवून त्यांतील हवा तो स्वर बोलावून घेतो. अशा स्वरास 'सॅम्पल' म्हणतात. आम्ही त्यास ध्वनिनमुना म्हणू. हे संगीत खरे की खोटे, हा वाद आम्हांस येथे घालावयाचा नाही. साधनावरून कलेची किंमत ठरवू नये, या मताचे आम्ही आहो. परंतु परीक्षा करावयाची तर कसोटी पाहिजे. आणि आमच्या मते या संगीताची कसोटी स्वर उठण्यात नसून तो मावळण्यात आहे.

पाश्चात्त्य संगीतात स्वर मावळविण्याच्या तीन तऱ्हा तीन थोर कृतींत स्पष्ट दिसतात. हायडनच्या १७७२ सालच्या 'फेअरवेल' सिंफनीच्या अखेरीस वादक एकामागून एक उठून जातात व शेवटी दोनच व्हायोलिने उरतात. येथे नाद घटतो तो वादकांची संख्या घटल्यामुळे. होल्स्टची 'द प्लॅनेट्स' ही कृती १९१८ साली प्रथम वाजविली गेली. तिच्या 'नेपच्यून' या शेवटच्या भागात स्त्रियांचा गायकवृंद बाजूच्या दालनात असतो, आणि अखेरीस त्या दालनाचे दार हळूहळू लावले जाते. येथे घट होते ती अंतराने. माहलरची नववी सिंफनी त्याच्या मृत्यूनंतर, १९१२ साली, व्हिएन्नात ब्रूनो वॉल्टरने प्रथम सादर केली. तिच्या शेवटच्या पानावर केवळ तंतुवाद्ये उरतात, आणि तेथे माहलरने 'प्राण सोडीत' अशा अर्थाचा जर्मन शब्द लिहून ठेवला आहे. येथे कोणी उठून जात नाही, दारही लागत नाही. जे काही होते ते गजाने होते.

गज नेमके काय करतो? वादक तारेवरील गजाचा दाब कमी करतो, त्याची गती आवरतो, आणि तो घोडीपासून दूर सरकवितो. त्यामुळे आवाज लहान होतो एवढेच नव्हे, तर मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे सूक्ष्म स्वरही मंदावतात आणि नाद मऊ होतो. शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तारता, तीव्रता व जाती असे नादाचे तीन गुण आपण शिकलो. गज जेव्हा स्वर उतरवितो तेव्हा तीव्रता आणि जाती ही दोन्ही जोडीने पालटतात.

यंत्रात मात्र या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या हातांत दिलेल्या असतात. १९८३ पासून प्रचारात असलेल्या 'मिडी' पद्धतीत ० ते १२७ अशा आकड्यांनी आज्ञा दिल्या जातात. पुष्कळ साठ्यांत पहिल्या क्रमांकाचे नियंत्रण, म्हणजे कळफलकाजवळचे चाक, हळू, मध्यम व जोरदार वाजविलेल्या नमुन्यांपैकी एकातून दुसऱ्यात नेते. अकराव्या क्रमांकाचे नियंत्रण केवळ आवाज लहानमोठा करते. घाईचा संगीतकार चाक जोरदार नमुन्यावर तसेच ठेवतो आणि दुसऱ्या नियंत्रणाने आवाज तेवढा खाली ओढतो. वरात गल्लीच्या टोकाशी वळली की बँडचा आवाज लहान होतो. पण म्हणून वाजविणारे हळू वाजवू लागले असे कोणी समजत नाही. या संगीतात नेमके तेच ऐकू येते. वादक तर सर्व बळाने गज ओढीत आहेत, आणि कोणी तरी मध्ये दार लावीत आहे! जेथे माहलरचा गज हवा होता, तेथे होल्स्टचे दार येऊन बसते.

याच्या उलट दोषही आढळतो. केवळ चाकावर विसंबले तर सर्वांत हळू नमुना हीच पायरी शेवटची ठरते. ती काही शांतता नव्हे. स्वर तेथे येऊन थबकतो आणि मग एकदम तुटतो. म्हणून जाणते लोक आधी चाकाने नादाची जाती मऊ करतात व अखेरची थोडी वाट दुसऱ्या नियंत्रणाने उतरतात. या उतरणीची रेषाही सरळ असून भागत नाही. कान बेरीज-वजाबाकी करीत नाही, प्रमाण मोजतो. ध्वनीचा विस्तार निम्मा होणे म्हणजे सुमारे ६ डेसिबलची घट. सरळ रेषेने विस्तार कमी करीत नेला तर बराच वेळ काही घडतच नाही, आणि शेवटी कडेलोट होतो.

एकट्या व्हायोलिनाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. एका नमुन्यातून दुसऱ्यात जाताना दोन्ही क्षणभर एकत्र वाजतात, त्यांचे कंप जुळत नाहीत, आणि एका वादकाचे दोन झाल्यासारखे वाटते. वृंदात ही शिवण झाकली जाते. गजाला लांबीची मर्यादा आहे, हेही पुष्कळदा विसरले जाते. १९६३ साली इंग्लंडात निघालेल्या मेलोट्रॉन यंत्रात प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा असे व तो सुमारे आठ सेकंदांत संपे. त्या यंत्राला निदान गजासारखा अंत होता. आजचा नमुना पट्टी दाबून ठेवावी तितका वेळ वाजू शकतो, तेव्हा अंत कोठे करावा हे संगीतकारानेच ठरविले पाहिजे.

दालनाचेही तसेच आहे. व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी स्थापणारे हर्ब टुकमांडल हे मूळचे चेलोवादक. त्यांनी आरंभीचे नमुने जवळजवळ निनाद नसलेल्या जागेत मुद्रित केले. उलट स्पिटफायर ऑडिओने लंडनच्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये, म्हणजे एका जुन्या चर्चमध्ये, केलेल्या मुद्रणांत वास्तूचा निनाद स्वराबरोबरच येतो. कोणतीही पद्धत घ्या, गज थांबल्यावर दालन थोडा वेळ घुमत राहिले पाहिजे. सगळे मिश्रण तयार झाल्यावर त्यावर एकच पडदा ओढला, तर वादकाबरोबर दालनही नाहीसे होते. चार भिंती काही हळू वाजवीत नाहीत!

हा प्रश्न केवळ परदेशचा नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतास गोव्याच्या व्हायोलिनवादकांनी दीर्घकाळ आपला हात दिला. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून या विद्येस व्यासपीठ देण्याचा प्रयत्न केला. पुढे यंत्रे आली आणि त्या वृंदांतील खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. व्यवहाराचे कारण आम्ही जाणतो. साठ जणांचा वृंद प्रत्येकास परवडणारा नव्हे, आणि नवशिक्या संगीतकारास घरबसल्या वृंदासाठी लिहिता यावे हा लाभ लहान नाही. आमची चिंता निराळी आहे. ज्या घरांत मुले हेच संगीत ऐकत वाढतात, तेथे दाराआड गेलेला स्वर हाच हळू वाजविलेला स्वर होय, अशी कानाची समजूत होऊन बसेल. मग खरा गज समोर आला तरी त्याचा हळुवारपणा कोणास उमगणार?

तेव्हा दोष साधनाचा नाही, ऐकण्याच्या आळसाचा आहे, असे आम्हांस वाटते. संगीतकाराने पडद्यावर रेषा आखण्यापूर्वी ती ओळ स्वतः गाऊन पाहावी व गाता गाता चाक फिरवावे. जेथे त्याचा श्वास संपतो तेथे गजही बहुधा संपतो. वाचकांनी पुढील खेपेस डोळे मिटून ओळीचा शेवट ऐकावा, आणि वादकाने हात हलका केला की कोणी दार लावले, एवढे स्वतःस विचारावे. हा प्रश्न विचारणारे श्रोते घरोघर झाले, तर संगीतकारांस आपला हात सुधारावाच लागेल.