त्रिलोक गुर्टूला कुठल्या रकान्यात बसवायचं?

सिंगापुरात माणसाची वर्गवारी आधीच झालेली असते: चिनी, मलाय, भारतीय, इतर. आता यात त्रिलोक गुर्टूला बसवून बघा. जन्म मुंबईचा, 1951 चा. आडनाव काश्मिरी. आई ठुमरीगायिका शोभा गुर्टू, म्हणजे माहेरच्या बेळगावच्या भानुमती शिरोडकर. पोरगा लहानपणी तबला शिकला, मग ड्रमकडे वळला आणि पुढे जर्मनीत, हॅम्बुर्गला राहिला. उद्या एस्प्लनेडनं त्याला बोलावलं तर कार्यक्रम कशात लावणार? नोव्हेंबरच्या 'कला उत्सवम्'मध्ये, की जॅझमध्ये?

आपण पटकन 'फ्यूजन' म्हणतो आणि मोकळे होतो. मला हा शब्द त्याच्या बाबतीत पटत नाही. फ्यूजनमध्ये बहुतेकदा दोन पार्ट्या असतात: इकडे तबलजी, तिकडे ड्रमर आणि मध्ये सवाल-जवाब. गुर्टूच्या दोन्ही पार्ट्या एकाच अंगात. तो जमिनीवर अर्धवट गुडघ्यावर बसतो. हाताशी तबलाही असतो आणि ड्रमही. शेजारी पाण्याची बादली. वाजती झांज तीत बुडवली की तिचा नाद वाकतो.

1984 मध्ये 'ओरेगॉन' या अमेरिकन बँडचा कॉलिन वॉलकॉट अपघातात गेला. तो अल्लारखाँकडे तबला शिकलेला. त्याच्या जागी पुढे आला गुर्टू. तबल्याकडे आलेल्या अमेरिकनाच्या जागी ड्रमकडे गेलेला मुंबईकर! 'आपलं' आणि 'त्यांचं' यांची सरमिसळ तेव्हाच झाली होती.

त्याचा 'उस्फ्रेट' (1988) ऐका. सोबत डॉन चेरी, राल्फ टाउनर अशी मोठी जॅझमंडळी आहेत, पण पहिल्या रचनेचं नाव 'शोभारॉक' आणि गायला खुद्द आई. तिचा आवाज वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा येत नाही. अख्खी रचना त्याच्याभोवती उभी आहे.

पुढे मात्र सगळंच जमलं असं नाही. 'आफ्रिकन फँटसी' (2000) पर्यंत पाहुणे वाढतात आणि गुर्टू यजमान होऊन बसतो. ऐकायला छान वाटतं, पण 'उस्फ्रेट'मधली जोखीम तिथे सापडत नाही.

म्हणून परदेशात वाढलेल्या आपल्यासारख्यांनी 'उस्फ्रेट'कडेच परत यावं. "तू नक्की कुठला?" असं विचारल्यावर आपण टक्केवारी सांगायला लागतो, अर्धा हा, अर्धा तो. गुर्टूनं तो हिशेब मांडलाच नाही. आईला स्टुडिओत नेलं आणि वाजवायला बसला.