सात सेकंदांचा नियम जासईत पुरतो का?

उन्हाळ्यात कुत्र्याला फिरायला नेण्याविषयी एक सूचना सर्रास दिली जाते. पालथा हात रस्त्यावर सात सेकंद ठेवावा. ठेववला नाही तर कुत्र्याला नेऊ नये. जोडीला तक्ता असतो : हवा २५ अंश सेल्सिअस तर डांबर ५२ अंश, हवा ३१ तर डांबर ६२. त्याचे मूळ म्हणून १९७० सालचा एक अमेरिकन वैद्यकीय लेख दाखवला जातो. हेतू चांगला आहे. पण रखरखीत, कोरड्या मुलखासाठीची ही सूचना उरण तालुक्यातल्या जासईला जशीच्या तशी लावणे आम्हाला पटत नाही.

पहिली उणीव तक्त्याची. त्यातले आकडे भर उन्हातले, वारा पडलेला आणि हवा अगदी कोरडी असतानाचे आहेत. तक्ता उतरवताना ही अटच गळते. मग वाचकाला वाटते, की हवेच्या तापमानावरूनच रस्त्याचे ठरते. तसे असते तर रात्रीही ३१ अंशांच्या हवेत डांबर ६२ अंशांवर राहिले असते!

दुसरी उणीव हाताच्या परीक्षेची. मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी १९४७ साली दाखवले, की त्वचेचे तापमान ४४ अंशांवर राहिले तर भाजायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांवर मात्र पाचेक सेकंद पुरतात. डांबर उष्णतेचे मंदवाहक असल्याने त्वचा लगेच तितकी तापत नाही. पण तेवढाच तापलेला लोखंडी पत्रा झटकन भाजतो. म्हणून मुलांना सात अंक मोजायला लावू नये. चटका जाणवताच हात उचलावा.

तिसरी उणीव सर्वांत मोठी. नियम फक्त पंजे पाहतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, तोही थोडा. त्याचे शरीर निवते ते धापा टाकून, म्हणजे बाष्पीभवनाने. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. खाडीकाठच्या जासईत मे महिन्याच्या दमट हवेत तो लंगडा पडतो. सूर्यास्तानंतर रस्ता निवतो, हात सहज टेकतो, तरी कुत्रे धापाच टाकत राहते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर धोका अधिक.

शिक्षकांनी वर्गात दोन तापमापक सावलीत टांगावेत, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळावे आणि वारा घालावा. दोहोंतला फरक जितका कमी, तितके बाष्पीभवन मंद. फरक अगदी थोडा असेल त्या दिवशी रस्ता गार लागला तरी फेरी आखूड करावी व पाणी सोबत न्यावे. सूचनेत हे एक वाक्य वाढवले, तर ती आपल्या हवेला लागू पडेल.