तोललेले बाहुले

जेवणानंतर आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये फूसबॉलचे, म्हणजे टेबलावरच्या फुटबॉलचे, बाहुले बसवलेले दांडे गरागरा फिरवणारी मंडळी पाहिली, की हा खेळ म्हणजे निव्वळ धसमुसळेपणा वाटतो. चांगलं टेबल जवळून न्याहाळलं तर वेगळंच दिसतं. ते घडवणाऱ्यांनी चेंडू जोरात मारता यावा यासाठी फारसं डोकं खपवलेलं नाही. तो थांबवता यावा, यासाठी खपवलं आहे.

मूळ कल्पना जुनी. इंग्लंडमध्ये हॅरल्ड थॉर्न्टन यांनी 1921 साली पेटंटसाठी अर्ज केला. स्पेनमध्ये मात्र श्रेय अलेहांद्रो फिनिस्तेरे या कवीला देतात. यादवी युद्धात माद्रिदवरच्या बॉम्बवर्षावात तो जखमी झाला. रुग्णालयात त्याच्यासारखीच जखमी मुलं होती, त्यांना फुटबॉल खेळता येईना, म्हणून त्याने एका सुताराकडून टेबल करून घेतलं, असं तो सांगे. स्पॅनिश बाहुल्याला आजही दोन सुटे पाय असतात. इतरत्र बहुतेक ठिकाणी पाय जुळलेले, म्हणजे खाली एकच ठोकळा. दिसायला स्पॅनिश बाहुला देखणा, यात वाद नाही. पण चेंडू दाबून धरायचा तर मला जुळलेलं पाऊलच बरं वाटतं.

माझ्या मते या यंत्रातली सगळ्यात सुंदर सुधारणा पावलात नाही, डोक्यात आहे. साध्या टेबलावर दांडा सोडून पाहा: पायाकडची बाजू जड, त्यामुळे बाहुले खाली लोंबकळतात. खेळाडूला हात दोन आणि दांडे चार. मागच्या फळीतून फटका मारायचा, तर पुढे लोंबणारे आपलेच गडी आडवे येतात. अमेरिकेच्या टॉर्नेडो टेबलावरच्या बाहुल्यांचा वरचा भाग मुद्दाम जड केलेला असतो. दांड्याच्या दोन्ही बाजूंचं वजन, अंतराचा हिशेब धरून, तराजूसारखं जुळतं. मग दांडा कुठल्याही कोनात सोडा, बाहुला तिथेच राहतो. पाय वर करून आडवा ठेवलात, तर आडवाच. मूठ सोडून दुसरीकडे हात नेला तरी वाट मोकळी. मोटर नाही, स्प्रिंग नाही. थोडं वजन योग्य जागी, बस्स. पाहणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, आणि मला तीच त्याची खरी कारागिरी वाटते.

कोपऱ्यांचा प्रश्न जुना आणि चिवट. एकट्या गोलरक्षकाचं पाऊल कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, चेंडू तिथे अडकला की खेळ ठप्प. काहींनी कोपरे उतरते केले, चेंडू आपसूक घरंगळत आत येतो. टॉर्नेडोने मैदान सपाट ठेवून गोलाच्या दांड्यावर तीन बाहुले बसवले. फुटबॉलच्या नियमात न बसणारे तीन गोली! पण उताराच्या मदतीशिवाय चेंडू जिथे थांबेल तिथून घेता येतो, म्हणून मी टॉर्नेडोच्या बाजूचा.

फ्रान्सच्या बोन्झिनी टेबलाचा स्वभाव अगदी निराळा. लिनोलियमचा पृष्ठभाग, बुचाचा चेंडू, अ‍ॅल्युमिनियमचे बाहुले. दांडा दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकात एक सरकतो, त्यामुळे त्याचं टोक समोरच्याच्या पोटात घुसत नाही. आरपार दांड्याच्या टेबलाशी लहान मूल उभं असेल तर या सोयीची किंमत कळते. उलट, आरपार पोकळ दांडा हलका असतो आणि झटक्यात सरकतो. दोन्ही सुखं एका दांड्यात सहसा मिळत नाहीत.

राहता राहिलं ते गरगर फिरवणं. फटक्याच्या आधी किंवा नंतर दांडा 360 अंशांहून जास्त फिरवायला स्पर्धेच्या नियमात मनाई आहे. वाटेल, की बेअरिंगपाशी एखादी अडकण बसवली तर पंचाची गरजच काय? पण स्नेक शॉट नावाचा फटका पाहा. चेंडू समोरून टाचल्यासारखा दाबून धरायचा, बाजूला सरकवायचा, आणि मूठ न पकडता मनगटावरून घरंगळवत बाहुल्याला जवळजवळ पूर्ण गिरकी देऊन मागून फटका हाणायचा. अडकण बसली, की हा फटका गेला. म्हणून दांडा मोकळाच राहिला आहे, आणि मोजमाप पंचाच्या डोळ्यांवर.