रघुजी भोसले यांची 'फिरंग' आणि तलवारीच्या मूळशोधाची पद्धती : जपानी खड्गपरीक्षेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

लंडन येथील सोथबीज या लिलावगृहात २९ एप्रिल २०२५ रोजी नागपूरकर भोसले घराण्याची म्हणून एक तलवार विक्रीस आली व महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत मिळविली. वाहतूक, विमा इत्यादी खर्चासह या व्यवहारास सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये लागल्याचे शासनाने जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ही तलवार मुंबईत दाखल झाली व तिचे समारंभपूर्वक स्वागत झाले. परदेशातील लिलावात शासनाने थेट उतरून मराठेशाहीतील एखादी वस्तू परत आणावी, ही घटना निश्चितच अभिनंदनीय होय. परंतु या तलवारीविषयी जी माहिती प्रसृत झाली, तिच्यात तीन वेगवेगळी विधाने एकत्र मिसळली आहेत. तलवार रघुजी भोसले यांची आहे, हे पहिले. हे रघुजी म्हणजे पहिले रघुजी होत, हे दुसरे. आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती नागपुराबाहेर गेली, हे तिसरे. या तिन्ही विधानांना असणारा पुराव्याचा आधार सारख्या बळाचा नाही. प्रस्तुत लेखात या आधाराची चिकित्सा करावयाची असून, त्यासाठी जुन्या तलवारीचे मूळ ठरविण्याचे शास्त्र जेथे सर्वाधिक काटेकोरपणे विकसित झाले त्या जपानमधील पद्धतीचा निकष म्हणून उपयोग केला आहे.

कामठीच्या वाचकाला जपानचा संदर्भ परका वाटू नये. १९९९ साली ओगावा सोसायटीच्या साहाय्याने येथे उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार त्या देशाशी असलेल्या नात्याची नित्य आठवण देते. तलवारीच्या कथेशीही कामठीचा संबंध आहे. तो लेखाच्या अखेरीस येईल.

जपानी परीक्षकाची रीत

जपानी तलवारीचे मूळ ओळखणारा परीक्षक म्यानाकडे आणि मुठीच्या शृंगाराकडे सर्वांत शेवटी पाहतो. मूठ बांबूच्या एका खुंटीने बसविलेली असते. ती काढली की मूठ सुटते आणि पात्याचा मुठीत जाणारा देठ उघडा पडतो. यास 'नाकागो' म्हणतात. पाते कितीही वेळा घासूनपुसून लखलखीत केले तरी हा देठ कधीही घासावयाचा नाही, असा दंडक आहे. त्याच्यावर शतकानुशतके चढलेला गंज हाच वयाचा साक्षीदार मानला जातो. कानसीच्या रेघांची दिशा, खुंटीची छिद्रे किती व कोठे आहेत, देठाचे टोक कसे घडविले आहे, आणि लोहाराने छिन्नीने कोरलेली स्वाक्षरी या सर्वांची तपासणी तेथे होते. हौशी मालकाने उत्साहाच्या भरात देठ घासून चकचकीत केल्यामुळे तलवारीची किंमत व तिचा इतिहास दोन्ही एकदम नाहीसे झाल्याची उदाहरणे संग्राहकांच्या जगात नेहमी सांगितली जातात.

तथापि स्वाक्षरी सापडली म्हणजे निर्णय झाला, असे जपानी परीक्षक मानीत नाही. नामांकित लोहारांच्या नावाने खोट्या स्वाक्षऱ्या कोरण्याची प्रथा तेथे इतकी जुनी आहे की तिला 'गिमेई' अशी स्वतंत्र संज्ञाच आहे. म्हणून प्रथम पात्याचा बाक, पोलादाच्या घड्यांची वीण आणि धारेलगत पाणी देताना उमटलेली रेषा, म्हणजे 'हामोन', पाहून परीक्षक यामाशिरो, यामातो, बिझेन, सागामी व मिनो या पाच परंपरांपैकी एक निश्चित करतो. मग स्वाक्षरी त्या निर्णयाशी जुळते की नाही, हे तपासतो. पाते आधी आणि लेख नंतर, हा त्या शास्त्राचा कणा होय.

यातील एक बारकावा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. जुन्या लांब तलवारी पुढील काळात देठाच्या बाजूने आखूड केल्या जात. त्यात मूळ स्वाक्षरी कापली जाई. अशा निनावी पात्यांची परीक्षा होनामी या परीक्षक घराण्याकडून केली जाई आणि त्यांना निर्णयाची खात्री वाटली तर लोहाराचे नाव देठावर सोन्याने भरले जाई. वाचणाऱ्याला त्यामुळे लगेच कळते की छिन्नीने कोरलेले नाव हे लोहाराचे आणि सोन्यात भरलेले नाव हे नंतरच्या जाणकाराचे मत आहे. एकच नाव, परंतु लिहिणारा कोण व लिहिले केव्हा, यावरून त्याचे पुराव्यातील स्थान बदलते.

दुसऱ्या महायुद्धातील जपानी लष्करी तलवारींच्या बाबतीत हीच दक्षता उपयोगी पडते. कारखान्यात साच्याबरहुकूम तयार झालेली पाती त्या काळी हजारोंनी वाटली गेली; परंतु काही अधिकाऱ्यांनी घराण्यातील जुनी पाती लष्करी मुठीत व म्यानात बसवून रणांगणावर नेली. १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी या दोन्ही प्रकारच्या तलवारी दोस्त सैन्याच्या हाती पडल्या. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या अशा दोन तलवारींपैकी एक दहा वर्षांची आणि दुसरी चारशे वर्षांची असू शकते. बाह्य सरंजामावरून केलेले निदान अशा ठिकाणी हमखास फसते.

पाते, मूठ आणि लेख

आपल्याकडे खड्गपरीक्षेची परंपरा नव्हती, असे नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त खड्गलक्षणाचा अध्याय आहे. भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू'तही हा विषय येतो. 'अग्निपुराणा'त तर देशपरत्वे तलवारींचे गुण सांगताना शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा, उल्लेख दृढ तलवारींसाठी केला आहे. मात्र या परंपरेचा मुख्य रोख तलवार धारण करणाऱ्यास शुभ की अशुभ, यावर राहिला. कोणते पाते कोणत्या लोहाराचे, याची घराणेशुद्ध नोंद ठेवण्याची व्यवस्था तीतून निर्माण झाली नाही. त्यामुळे आज मराठा तलवारीपुढे उभा राहणारा अभ्यासक जपानी अभ्यासकाच्या तुलनेत बराच निःशस्त्र असतो. त्यातच आपल्याकडील मूठ खुंटीने न बसविता लाख-राळेच्या मसाल्याने पात्यावर पक्की केलेली असते. ती उतरविणे म्हणजे वस्तूला धक्का लावणे. परिणामी देठ हा जो जपानमध्ये पहिला पुरावा, तो येथे बहुधा कोणी पाहिलेलाच नसतो.

प्रस्तुत तलवारीचे पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे आहे. मूठ मुल्हेरी घाटाची असून तिच्यावर सोन्याचे कोफ्तगरी काम आहे. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ देवनागरीत 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग' असा लेख सोन्याने उमटविला आहे. म्हणजे एकाच वस्तूत तीन वस्तू आहेत. पाते एका देशात, एका काळी घडले. मूठ दुसऱ्या देशात, बहुधा दुसऱ्या काळी चढली. लेख या दोहोंनंतर वा दोहोंच्या मध्ये केव्हातरी लिहिला गेला. 'या तलवारीचे मूळ कोणते?' हा प्रश्न म्हणूनच सदोष आहे. त्याचे तीन प्रश्न करावयास हवेत.

युरोपीय पाते व मराठा मूठ हा संयोग अपवादात्मक नव्हे. 'फिरंग' हा शब्दच मुळी अशा तलवारीसाठी रूढ झाला. पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांमार्फत जर्मनी, इटली व स्पेनमधील पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि येथील कारागीर त्यांना देशी मुठी चढवीत. कोल्हापूरकरांनी १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स यांना दिलेली व सध्या ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवार याच जातीची. तिच्या पात्यावर ख्रिस्तनामाची तीन रोमन अक्षरे उमटविली आहेत. तिच्याभोवती भवानी तलवारीचा जो वाद दीर्घकाळ घुमत राहिला, त्यात भावना पुष्कळ आणि पात्याची परीक्षा थोडी, असे खेदाने म्हणावे लागते.

पात्यावर युरोपीय निर्मात्याचे नाव वा चिन्ह असले, तरी तेही जपानी स्वाक्षरीप्रमाणेच तपासून घ्यावे लागते. जर्मनीतील सोलिंगेनच्या लोहारांनी पासाऊचे धावत्या लांडग्याचे चिन्ह उचलले. इटालियन अँड्रिया फेरारा याचे नाव युरोपभर पात्यांवर कोरले गेले. जिनोव्हाची विळ्यासारखी जोडचिन्हे कॉकेशसपासून हिंदुस्थानापर्यंत नकलली गेली. 'गिमेई'ला मराठीत शब्द नसला, तरी तो व्यवहार मराठ्यांच्या बाजारपेठेत नव्हता, असे मानण्याचे कारण नाही.

कोणते रघुजी?

सोन्यातील लेखाकडे आता वळावे. त्यात नाव आहे, पद आहे आणि शेवटी 'फिरंग' हा शब्द आहे. हा शेवटचा शब्द सहसा दुर्लक्षिला जातो; परंतु लेखाचे स्वरूप त्यातूनच उलगडते. स्वतःच्या कमरेच्या तलवारीवर 'ही फिरंग आहे' असे लिहून ठेवण्याचे धन्याला प्रयोजन नसते. असे वर्गनाम शिलेखान्याच्या कारकुनाला लागते. मालक, त्याचे पद व शस्त्राची जात या क्रमाने आलेला मजकूर यादीतील कलमासारखा वाचला जातो. हे अनुमान मान्य झाल्यास लेख म्हणजे घडणीची मुद्रा नसून मालकीची नोंद ठरते, आणि 'रघुजींनी ती हाती धरून लढाई केली' हे विधान लेखातून निघत नाही. होनामींच्या सोनेरी अक्षरांप्रमाणेच येथेही सोने हे नंतरच्या हाताचे आहे.

आता नावाविषयी. नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तीन पुरुष झाले. पहिले १७५५ मध्ये निवर्तले. दुसरे १८१६ मध्ये. तिसरे डिसेंबर १८५३ मध्ये. 'पहिले', 'दुसरे' हे आकडे इतिहासकारांनी सोयीसाठी दिले आहेत. ज्या दिवशी लेख लिहिला गेला, त्या दिवशी 'राघोजी भोसले' म्हणजे हयात असलेले राघोजी, एवढाच अर्थ होता. पदाचीही तीच गोष्ट आहे. सेनासाहेब सुभा हे पद पहिल्या रघुजींच्या आधी परसोजी व कान्होजी यांच्याकडे होते. नंतर जानोजींकडे आणि पुढे दुसऱ्या रघुजींकडे आले. त्यामुळे नाव व पद ही जोडी पहिल्या व दुसऱ्या रघुजींना सारखीच लागू पडते.

पहिल्या रघुजींच्या बाजूने बोलणारे मुद्दे मुळीच नाहीत, असे नव्हे. कर्नाटकाची १७४०-४१ ची मोहीम, त्रिचनापल्लीचा पाडाव, चंदासाहेबाची कैद, पुढे बंगालवरील स्वाऱ्या आणि १७५१ मध्ये अलिवर्दी खानाशी झालेला तह यांमुळे त्यांचा संचार दोन्ही किनाऱ्यांपर्यंत होता. पाँडिचेरीच्या फ्रेंचांशी त्यांचा पत्रव्यवहारही घडला होता. युरोपीय पाते त्यांच्या हाती येण्याचे मार्ग अनेक होते. पण हा युक्तिवाद शक्यतेचा आहे, पुराव्याचा नाही. आणि तोच दुसऱ्या रघुजींनाही लावता येतो, कारण त्यांच्या काळी नागपूर दरबारात इंग्रज वकील येत-जात होते व युरोपीय वस्तू अधिक सुलभ झाल्या होत्या. कीर्तिमान पूर्वजाकडे वस्तू ओढण्याची आपली प्रवृत्ती या बाबतीत निर्णायक ठरू देऊ नये. अक्षरवटिकेची तुलना हा येथील खरा मार्ग होय. त्या घराण्याच्या कालनिश्चित शस्त्रलेखांशी या लेखाच्या वळणाची तुलना झाली आणि मुठीतील देठाचे क्ष-किरण चित्र घेतले गेले, तर वाद पुष्कळ अंशी मिटेल. इटलीतील संग्रहालयाच्या जपानी तलवारी इंग्लंडमधील न्यूट्रॉन केंद्रात नेऊन, मुठीस वा पात्यास इजा न करता त्यांच्या पोलादाची अंतर्रचना तपासली गेली आहे. जनतेच्या पैशातून घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

नागपुरातून बाहेर पडण्याचे मार्ग

राहिला प्रश्न तलवार बाहेर गेली केव्हा, याचा. जाहीर निवेदनात १८१७ नंतरची लूट अथवा इंग्रजांना दिलेली भेट, असा तर्क मांडला होता. तर्क म्हणून तो रास्त आहे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली, १६ डिसेंबरला नागपूरची, आणि महिनाअखेर शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले. परंतु लोकचर्चेत 'गेली असावी'चे 'लुटली' झाले, तेव्हा इतर मार्ग नजरेआड पडले.

त्यातील एक मार्ग चौदा वर्षे आधीचा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या रणात दुसऱ्या रघुजींच्या फौजेचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. रणांगणावरील व किल्ल्यातील शस्त्रे विजेत्यांच्या हाती जाण्यास ही वेळ १८१७ पेक्षा कमी अनुकूल नव्हती.

दुसरा मार्ग १८५४ चा. तिसऱ्या रघुजींच्या निधनानंतर दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील चीजवस्तू ताब्यात घेण्यात आल्या. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या विक्रीसाठी रवाना झाले. बांकाबाईंनी या जप्तीस केलेला विरोध सर्वश्रुत आहे. सोन्याचे काम असलेली, धन्याच्या नावाची नोंद वागविणारी आणि शिलेखान्यात सांभाळलेली तलवार रणांगणापेक्षा अशा जप्तीत सापडणे अधिक स्वाभाविक नाही काय, हा विचार अद्याप गांभीर्याने झालेला दिसत नाही. तो झाला तर शोधाची दिशाच बदलते. लढाईतील लुटीची यादी सहसा राहत नाही. सरकारी जप्तीची राहते.

येथेच कामठीचे स्थान येते. सीताबर्डीनंतर चार वर्षांनी, १८२१ मध्ये, कन्हानच्या काठी ही छावणी वसली आणि पुढील शतकभर नागपूरवर नजर ठेवणारे इंग्रज व मद्रासी पलटणींचे अधिकारी येथे बदलून येत व जात राहिले. भेटीदाखल, विक्रीतून वा बाजारातून मिळालेली शस्त्रे त्यांच्या सामानात मायदेशी गेली, हे त्या काळच्या छावणीजीवनाशी सुसंगत आहे. तेव्हा या तलवारीचा मागोवा घेणाऱ्याने १८१७ च्या एका तारखेवर न थांबता १८०३ ते १८५४ या अर्धशतकातील तिन्ही प्रसंगांची कागदपत्रे धुंडाळावयास हवीत, आणि आरंभ १८५४ च्या जप्तीच्या याद्यांपासून करावा. कारण त्यात 'फिरंग' हे कलम सोन्याच्या अक्षरांसह आढळण्याची शक्यता इतर दोहोंपेक्षा अधिक आहे.