आंबेनळीचा बेंजो

आंबेनळी हे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा पावसाळ्यात, आणि येताना बरोबर एखादा आकडा घेऊन येते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींना महाबळेश्वरला नेणारी बस ह्या घाटात कोसळली. तीस माणसे गेली, एक वाचला. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खुद्द रस्ताच तुटला. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या ह्या वाटेविषयी बाहेरच्या माणसाला एवढेच ठाऊक असते. फार तर प्रतापगडाला जाताना ती लागते, हे. अशा ह्या घाटाच्या पायथ्याशी एक वाद्यवृंद आहे, तो मुद्दाम ऐकण्यासारखा आहे आणि एका वाङ्मयीन अंकात त्याच्याविषयी चार पाने लिहावीत असे मला वाटते, हे वाचून काही वाचक पान उलटतील. त्यांना मी दोष देत नाही. दहा वर्षांपूर्वी मीही उलटले असते.

वाद्यवृंद हा शब्द मी जरा भीतभीतच वापरला. गावात त्याला ‘बेंजो’ म्हणतात, फार झाले तर ‘बेंजो पार्टी’. पार्टीला नाव आहे, परंतु ते सांगून उपयोग नाही. ग्रामदेवतेचे नाव आहे, आणि त्या देवतेच्या नावाच्या पार्ट्या ह्या दोन तालुक्यांत वाडीगणिक निघतील. मुलांची नावेही सांगत नाही. त्यांतला एक माझा विद्यार्थी होता आणि बाकीच्यांना छापील कागदाची फारशी हौस नाही. शहरातली मुले ज्याला रॉक बँड म्हणतात तो आमच्याकडे हाच, असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी उपमा म्हणून करीत नाही.

आधी माझा गुन्हा सांगून टाकतो. माझ्या पहिल्या कादंबरीत एका लग्नाचे वर्णन आहे. त्यात बेंजोवर एक परिच्छेद आहे. ‘पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या माशीने सिनेमाचे गाणे म्हणावे’ अशा थाटाचे त्यात काही तरी आहे. तो परिच्छेद लोकांना आवडला. दोघा समीक्षकांनी तो उद्धृत केला. आणि मी वर्गात बेंजो वाजवायला जाणाऱ्या मुलाला ‘टवाळ’ म्हणत राहिलो. मी दहावीपर्यंत शिकलेला मास्तर. संगीताची एकही परीक्षा दिलेली नाही. परंतु अभिरुची आपल्याकडे आहे असा माझा समज होता, आणि अभिरुची म्हणजे काय काय नावडते त्याची यादी, असा त्या समजाचा अर्थ होता.

आता वाद्याकडे येऊ. बेंजो म्हणजे अमेरिकेतले ते गोल, कातडे मढवलेले वाद्य नव्हे. हा आपला बुलबुलतरंग. लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि टंकलेखन यंत्रासारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबावे, उजव्या हातातील नखीने तार छेडावी. हे वाद्य मूळचे जपानी. नागोया शहरातील मोरिता गोरो ह्याने १९१२ च्या सुमारास ते बनवले आणि त्या वेळच्या ताइशो राजवटीवरून त्याचे नाव ताइशोगोतो पडले. ते भारतात आले, त्याचे नाव बदलले, आणि कोकणात येईपर्यंत ते तिसऱ्याच एका वाद्याचे नाव लावून बसले. नावाच्या बाबतीत आम्ही कोकणी माणसे उदार आहोत.

ह्या वाद्याचा दोष उघड आहे. त्याचे स्वर बटणांना बांधलेले आहेत, म्हणून त्यात मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, जे आपल्या गाण्याचे मर्म, ते येथे होत नाही. हाच आक्षेप पेटीवरही होता; त्यासाठी आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार लावून घेतले, ते १९७१ पर्यंत धड किलकिलेही केले नाही. तेवढ्या काळात पेटीवाल्यांनी काय केले? ते वाजवीत राहिले. आमचा बेंजोवालाही तेच करतो. डाव्या हाताला जे जमत नाही ते तो उजव्या हाताने भरून काढतो. एकाच स्वरावर नखीचे इतके बारीक आणि इतके असमान आघात करतो की स्वर स्थिर असूनही तो हलतो आहे असे वाटू लागते. गवयाच्या गळ्यातली हरकत येथे मनगटात उतरलेली असते. हे मला कळायला त्याच्या शेजारी उभे राहावे लागले. लांबून फक्त माशीच ऐकू येते.

आणि रॉक? त्याची व्याख्या करण्याचा मला अधिकार नाही, पण त्याचे मूळ मला समजते. अमेरिकेत नाचाच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकू येईना, म्हणून तिला विजेचा टेकू देण्याची खटपट सुरू झाली, आणि १९३२ साली रिकनबॅकरची विजेवर वाजणारी गिटार बाजारात आली. आवाज मोठा करायला गेले आणि आवाज निराळाच झाला. पुढे त्या निराळ्या आवाजावर एक अख्खे संगीत उभे राहिले. आमच्याकडे तार ताशापुढे ऐकू येईना. म्हणून तारांखाली पिकअप बसला, वायर भोंग्याला गेली, आणि बुलबुलाचा जो काही तरंग होता तो जाऊन एक खरखरीत, धारदार, थोडा उद्धट असा ध्वनी जन्माला आला. पाठीमागे ताशा, ढोल आणि काठीने बडवायचे ते इलेक्ट्रिक पॅड. पुढे उभ्याने नाचणारी तरुण माणसे. गायक नाही. कारण एकच, गरजही एकच. सातासमुद्रापलीकडे तिचे जे झाले तेच सावित्रीच्या काठी झाले. फरक इतकाच, की तिकडे त्याला टीकाकार मिळाले.

गेल्या मे महिन्यात एका वाडीतल्या लग्नाला गेलो होतो. पार्टी टेम्पोवर. पुढे जनरेटरची गाडी, तिच्या डिझेलचा वास, मध्ये नाचणारी पोरे, मागे नवरा-नवरी घामाने डबडबलेली. वाजत होते ते सारे ठाऊक असलेले: कोळीगीते, सिनेमातली गाणी, एक भक्तिगीत, आणि अर्थातच नागीण. त्याच्याविषयी मला काही सांगायचे नाही. ते वाईट नव्हते आणि त्यात ऐकण्यासारखेही काही नव्हते.

मग चढ आला. आमच्याकडच्या वाड्या डोंगराच्या उतरणीला चिकटलेल्या. रस्ता वळणावर एकदम उभा होतो. टेम्पो पहिल्या गियरमध्ये गेला. नाचणाऱ्यांचा दम गेला, ते कमरेवर हात ठेवून चालू लागले. गाणे संपले होते, दुसरे सुरू करून उपयोग नव्हता, कारण नाचायला कोणी नव्हते. आणि वाजवणे थांबवता येत नव्हते, कारण वाजवणे थांबले की वरात मोडते. त्या वेळी त्या मुलांनी जे वाजवले त्यासाठी हा लेख.

ताशा बंद झाला. पॅडवरच्या मुलाने चालीचा एक ठेका धरला. सरळ नव्हे, दर फेरीत एक पाऊल दगडाला अडखळावे तसा. ढोल त्याच्या मागून आला, अर्धा क्षण उशिरा, मुद्दाम उशिरा. आणि बेंजो चारच स्वरांत फिरू लागला. वर जाई आणि चौथ्या स्वरावरून परत येई, जणू वरचे बटण मोडलेले आहे. पाच-सहा मिनिटे हे चालले. टेम्पोच्या इंजिनाची घरघर खाली अखंड सूर धरून होती आणि तीसुद्धा त्यात मिसळून गेली. माझ्या शेजारची एक म्हातारी, जी आतापर्यंत कानावर पदर दाबून चालत होती, तिने पदर सोडला.

माथ्यावर रस्ता सपाट झाला आणि पुन्हा कोळीगीत सुरू झाले.

रात्री जेवणे झाल्यावर मी त्याला गाठले आणि विचारले, “मघाशी चढावर वाजवलेस ते कुठले गाणे?”

तो हसला. “ते कुठलं गानं न्हाय, गुरुजी. तो चढ हाय.”

नंतर मी त्या पार्टीच्या मागे आणखी सहा-सात वराती आणि एक गणपती हिंडलो. प्रत्येक चढावर ते निराळे वाजवतात. मोबाइलवर त्यांची पुष्कळ चित्रणे आहेत. ती मी पाहिली. एकातही हे सापडले नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. गाणे संपले की चित्रण करणारा मोबाइल खिशात घालतो.

तो अडखळणारा ठेका मला ओळखीचा वाटत होता, पण कोठला ते आठवेना. आठवले शिमग्यात. लहानपणी पालखीपुढे खालूबाजा वाजे, सनई आणि ढोल-टिमकीचा, त्यातलाच तो. खालूबाजा आता आमच्या बाजूला क्वचित ऐकू येतो, आणि त्याला मागे सारले ते बेंजोनेच, हे येथे लपवून चालणार नाही. लोककलेच्या ऱ्हासावर अश्रू ढाळणारे लेख मी वाचतो तेव्हा त्यांत एक गोष्ट हटकून गाळलेली असते: वाजवायचे कोणी, हे पूर्वी गावात जन्माने ठरलेले असे. वाजंत्री मांडवाबाहेर, त्यांची पंगत शेवटी, आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले त्याचा ह्याच्याशी संबंध नाही असे ज्याला वाटते त्याने ह्या मुलुखातली एखादी म्हातारी माणसे बोलती करावीत. वाजवणे सोडणे हीही कित्येकांसाठी मान वर करण्याची एक रीत होती. बेंजो पार्टीत मात्र कोणत्याही आळीचा पोरगा येतो. एकसारखे टी-शर्ट घालतो, आगाऊ पैसे घेतो आणि पंगतीला वेळेवर बसतो. खालूचा ठेका टिकला तो असा, जन्माचे ओझे खाली ठेवून, जपानी बटणांच्या आणि विजेच्या आडोशाने. पॅडवरच्या मुलाला तो कोठून आला हे ठाऊक नाही. मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, “असंल.”

बेंजोवर हिंदीत एक चित्रपट येऊन गेला, रवी जाधव ह्यांचा, २०१६ साली, रितेश देशमुख त्यात बेंजोवाला झाले होते. त्याच्या कथेत न्यूयॉर्कची एक संगीतकार मुलगी बेंजोचे ध्वनिमुद्रण ऐकून मुंबईला येते आणि मग वस्तीतल्या ह्या वादकांकडे जगाचे लक्ष जाते. चित्रपटात बेंजोवाल्याला माणूस म्हणून प्रतिष्ठा मिळते ह्याचा मला आनंद आहे. पण त्यातले संगीत इतके धुतलेले, इस्त्री केलेले आहे की त्यात डिझेलचा वास नाही आणि चढही नाही. आणि पारखणारा कान बाहेरूनच का यावा लागतो? असे खरोखरीही घडते. रोलिंग स्टोन्स ह्या इंग्रजी रॉक बँडचा ब्रायन जोन्स १९६८ साली मोरोक्कोतल्या जजूका नावाच्या डोंगरी खेड्यात गेला, तेथल्या सनई-ढोलांचे ध्वनिमुद्रण करून आला. तबकडी निघाली १९७१ साली, तो वारल्यानंतर दोन वर्षांनी. त्या खेड्यातले लोक तो येण्यापूर्वी बहिरे नव्हते. आमच्या वाडीतली म्हातारीही बहिरी नाही. बहिरा होतो तो मी.

परंतु एकदा कान उघडले म्हणून सगळेच गोड मानावे असे नाही. ह्या पार्टीत दोष पुष्कळ आहेत. पॅडवाल्याला आपल्या यंत्रातले सगळे आवाज एकाच रात्री ऐकवण्याची घाई असते. त्यातला कुत्र्याचा आवाज मी तरी विसरू इच्छितो. बेंजोवर प्रतिध्वनीचा जो साज चढवतात त्याने उजव्या हाताचे सारे बारीक काम पुसून जाते. ज्याच्यामुळे वादक मोठा, तेच तो झाकतो. मैदानात, सपाटीवर, ही पार्टी इतर कोणत्याही पार्टीसारखी आहे. आणि आवाज फार मोठा असतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर भोंगे बंद, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. ह्या मर्यादेत ताशा तर सोडाच, माझा सातवीचा वर्गसुद्धा बसत नाही. तरीही नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. तान्ह्या मुलाच्या घरावरून वरात जाताना मी पाहिली आहे.

मुलांना भीती आहे ती नियमाची नाही, डीजेची आहे. एक गाडी, एक माणूस, एक यंत्र. जेवणाची पाने सात वाचतात. २०२० आणि २०२१ साली लग्नेच नव्हती. त्यात पुन्हा घाट तुटला आणि वरच्या, सातारा बाजूच्या सुपाऱ्या गेल्या. त्या परत आल्या त्या सगळ्या नाही आल्या. ढोलवाला आता मुंबईला एका गोदामात आहे, सुपारी असली की रात्रीच्या एसटीने येतो. गेल्या खेपेस आला नाही तेव्हा ढोलाविना वाजवले. चढावर तो अर्ध्या क्षणाचा उशीर कोणालाच साधला नाही. त्यांनी निमूटपणे नागीण लावली.

मी त्याला म्हणालो, हे चढाचे एकदा नीट ध्वनिमुद्रित करून ठेवू या, शाळेत खोली आहे. त्याने विचार केला आणि म्हणाला, “खोलीत कशाला वाजवू, गुरुजी? तिथं चढ कुठाय?” ह्यावर मला उत्तर सुचले नाही, अजून सुचलेले नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तुळशीच्या लग्नाला थोडेच दिवस उरलेले असतील, आणि त्यानंतर मुहूर्त सुरू होतात. पोलादपुराहून घाटाकडे निघालेल्या कोणाला संध्याकाळी टेम्पो, जनरेटर आणि मागे रांगेने खोळंबलेल्या मोटारी दिसल्या तर हॉर्न वाजवू नये. गाडी कडेला लावावी, भोंग्यांच्या समोर न राहता ढोलवाल्याच्या डाव्या अंगाला जावे, आणि कोळीगीत चालू असेपर्यंत खुशाल गप्पा माराव्यात. रस्ता वर चढू लागला की गप्प बसावे.