मर्यादित आवृत्तीची मर्यादा

जुन्या अमेरिकन मोटारींच्या लहान प्रतिकृती जमविण्याचा छंद अमेरिकेत व इंग्लंडात चांगलाच रुजला आहे. प्रौढ, मिळवती माणसे काचेच्या कपाटात वीतभर लांबीच्या कॅडिलॅक व पॅकार्ड मांडून ठेवतात आणि पाहणारे त्यास मोठ्यांचा पोरखेळ म्हणून हसतात. आम्हांस हा उपहास मान्य नाही. जी वस्तू श्रमपूर्वक घडविली जाते आणि जिच्या गुणदोषांविषयी जाणते लोक तासन्‌तास वाद घालतात, ती टीकेचा विषय होण्यास सर्वथा पात्र आहे. आमची तक्रार छंदाविषयी नसून त्याच्या दारावर लटकविलेल्या एका पाटीविषयी आहे. त्या पाटीवरील शब्द आहेत 'मर्यादित आवृत्ती'.

वकिलीच्या व्यवसायात शब्दाचा अर्थ लावताना प्रथम हे पाहावे लागते की, त्या शब्दाने कोण कशास बांधला गेला. या कसोटीवर मर्यादेचे तीन प्रकार दिसतात. एकात प्रतींची संख्या आधी जाहीर होते. दुसऱ्यात अमुक तारखेपर्यंत जितक्या मागण्या येतील तितक्या प्रती निघतात. तिसऱ्यात ठराविक काळ उत्पादन चालते. यांपैकी पहिल्यासच वचन म्हणता येईल. उरलेल्या दोहोंत मर्यादा पडते ती ग्राहकांच्या उत्साहाची किंवा दिनदर्शिकेची. पहिल्या वचनासही पळवाट आहेच. साचा तोच ठेवून रंग बदलला की नवी आवृत्ती, नवा दाखला, नवा क्रमांक! करार मोडला असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. परंतु घेणाऱ्याच्या मनात जी दुर्मिळता होती ती त्याच्या पदरात पडली, असेही म्हणता येत नाही.

खरी दुर्मिळता कशी जन्मास येते याचे उदाहरण याच छंदात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मोटारविक्रेते नव्या गाडीची पंचविसाव्या हिश्श्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती दुकानात ठेवीत व गिऱ्हाइकांच्या मुलांस देत. तिला ना दाखला, ना क्रमांक. मुलांनी त्या अंगणात फरफटविल्या व चाके मोडली; जुन्या ॲसिटेट प्लॅस्टिकच्या गाड्या तर कालांतराने आपोआप वाकल्या. त्यांतून ज्या सुस्थितीत वाचल्या, त्यांस आज जाणकार शोधीत फिरतात. कोणी न ठरविता त्या थोड्या उरल्या.

आता मोठ्या संग्राहकांकरिता मुद्दाम केलेल्या कामाकडे वळू. १९६४ साली जोसेफ सीगल यांनी स्थापिलेली पेन्सिल्व्हेनियातील 'फ्रँकलिन मिंट' ही संस्था प्रथम पदके व नाणी पाडीत असे. १९८० नंतरच्या दशकात ती चोविसाव्या हिश्श्याच्या मोटारींकडे वळली. दुसरीकडे, कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ब्रुकलिन गावी जॉन हॉल यांनी १९७४ साली त्रेचाळिसाव्या हिश्श्याच्या अमेरिकन गाड्या ओतण्यास आरंभ केला. पुढे हा उद्योग इंग्लंडातील बाथ येथे गेला. पहिल्या पंथात जस्ताची मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने ओततात व शेकडो सुटे भाग जुळवितात. दुसऱ्यात कथिलासारखी मऊ धातू रबराच्या फिरत्या साच्यात ओतून हाताने घासतात. रबर झिजते, म्हणून येथे संख्येस जी मर्यादा पडते तिला कामाच्या जातीतच कारण आहे.

दोन्ही पंथांनी घडविलेली एक गाडी म्हणजे १९४८ ची टकर. प्रेस्टन टकर यांनी शिकागो येथे आद्य नमुना धरून अवघ्या ५१ गाड्या बांधल्या. इंजिन मागे, आणि मधला तिसरा दिवा सुकाणूबरोबर वळणारा! लोकांस फसविल्याचा खटला त्यांच्यावर झाला. बचावपक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही. २२ जानेवारी १९५० रोजी ज्यूरीने त्यांस निर्दोष ठरविले. तोवर कारखाना बुडाला होता. ज्या गाडीची मूळ आवृत्तीच ५१ ची, तिच्या 'मर्यादित' प्रतिकृती मात्र मूळ गाड्यांहून कितीतरी अधिक निघाल्या, हा योग विचार करण्याजोगा आहे.

फ्रँकलिनच्या टकरचे मागचे झाकण उघडते व आत इंजिन दिसते. गाडीची मुख्य कल्पनाच तेथे असल्यामुळे हे उघडणे सार्थ आहे. पण उघडणाऱ्या दाराला फट हवी. अर्ध्या मिलिमीटरची फट चोविसाव्या हिश्श्यात मूळच्या बारा मिलिमीटरांएवढी होते. अशी गाडी कोणता विक्रेता दुकानात उभी करील? ब्रुकलिनच्या मालिकेत टकर दुसऱ्या क्रमांकाची. तिचे काहीच उघडत नाही. परंतु पत्र्याचा अखंड बाक तिच्यात राहतो व हातात घेतल्यावर वजन जाणवते. आमचा कौल ब्रुकलिनच्या बाजूने आहे; यंत्र समजून घेऊ इच्छिणाऱ्याने फ्रँकलिनची घ्यावी, त्यातही चूक नाही.

या गाड्या आपल्याकडील जुन्या पिढीस अगदीच परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून १९५४ पर्यंत शेवरोलेटसारख्या गाड्या जोडल्या. ज्याने खरी गाडी दारात उभी पाहिली आहे, तो प्रतिकृतीचा उत्तम परीक्षक. त्याची नजर छपराच्या उताराकडे प्रथम जाते, दाखल्याकडे नव्हे.

धातूही दाखल्यास जुमानीत नाही. जस्तात शिशाचा अंश मिसळला असेल तर वर्षानुवर्षांच्या दमटपणाने ओतीव काम आतून फुगते, तडकते व शेवटी भुगा होते. युद्धपूर्व काळातील कित्येक प्रतिकृती अशाच गेल्या. म्हणून संग्राहकास आमचे सांगणे एवढेच की, प्रथम गाडी हातात घ्यावी, आकार व सांधे पाहावेत, धातू कोणती ते विचारावे, आणि ती आवडली तर घ्यावी. क्रमांक शेवटी वाचावा. उद्या भाव चढेल या आशेने घेणाऱ्यास 'मर्यादित' हा शब्द कोणतीही हमी देत नाही. आणि ज्याने गाडी आवडली म्हणून घेतली, त्याला त्या हमीची गरजच पडत नाही.