भूमिकापत्रे आणि वाचन

वर्गात लहान गट करून साहित्यकृतीवर चर्चा घडवावयाची, तर विद्यार्थ्यांची काही पूर्वतयारी आवश्यक असते, याविषयी दुमत नाही. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे न सांगता विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या आणि त्यांची लेखी मते ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथात तपासली. साहित्याचे विद्यार्थीदेखील कवितेचा साधा वाच्यार्थ चुकतात व ठरीव प्रतिक्रियांच्या आहारी जातात, हे त्यावरून दिसून आले.

तयारी कोणती, हा मात्र वादाचा विषय आहे. अमेरिकेतील हार्वे डॅनियल्स यांच्या ‘लिटरेचर सर्कल्स’ (१९९४) या पुस्तकाने प्रसृत झालेल्या पद्धतीत गटातील प्रत्येकास एक भूमिका व तिचे पत्रक दिले जाते. एकाने प्रश्न काढावयाचे, दुसऱ्याने लक्षणीय उतारे निवडावयाचे, तिसऱ्याने कथेचा बाह्य अनुभवाशी संबंध जोडावयाचा, चौथ्याने चित्र काढावयाचे. बुजऱ्या विद्यार्थ्यास यामुळे बोलण्याचे निमित्त मिळते, ही जमेची बाजू होय. परंतु पाळीपाळीने पत्रके वाचून दाखविणे म्हणजे चर्चा नव्हे. पत्रकांचा वापर यांत्रिक होतो, हे डॅनियल्स यांनी २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतःच मान्य केले, हे त्यांच्या प्रामाणिकपणास शोभणारेच आहे. (तरीही शिक्षकास तपासता येईल अशी वस्तू वर्गातून सहसा हद्दपार होत नाही.)

खरा दोष वाचनाची वाटणी करण्यात आहे. मराठी कथा समोर ठेवली असता तो स्पष्ट होतो. मराठीत ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला वगळते. कथेतील सासू नव्या सुनेशी बोलताना ‘आपल्या घरी’ म्हणते की ‘आमच्या घरी’, यावरून सुनेचे त्या घरातील स्थान कळते. ‘तो मुंबईस गेला’ आणि ‘तो म्हणे मुंबईस गेला’ यांतही असेच अंतर आहे. ‘म्हणे’ने वार्ता ऐकीव ठरते, प्रसंगी बोलणाऱ्याचा अविश्वासही सूचित होतो. हे भेद मराठीभाषक मुलास कोणी शिकविलेले नसतात. ते त्याच्या कानाला जाणवतातच. पण ते कोणाच्या पत्रकात उतरावेत? उतारे निवडणारा अलंकारिक वाक्ये निवडील, प्रश्न काढणारा सासूचा स्वभाव विचारील, आणि ‘आमच्या’ हा शब्द दोघांच्या मधून निसटेल.

म्हणून सर्वांनी एकच पृष्ठ मूकपणे वाचावे, आणि जेथे कान अडखळला तेथे पेन्सिलीने खूण करावी, एवढी तयारी पत्रकाहून अधिक उपयोगी आहे. तिच्या जोडीला मतभेदाची भाषाही शिकवावी लागते: ‘हे चूक आहे’ असे न म्हणता ‘हे कोणत्या ओळीवरून?’ असे विचारण्याची. ‘आमच्या’ या शब्दात एकास दुरावा दिसेल, तर दुसऱ्यास ती केवळ जुन्या बायकांच्या बोलण्याची लकब वाटेल. मग सासूने अन्यत्र सुनेशी बोलताना ‘आपल्या’ म्हटले आहे काय, हे पाहण्यासाठी गटास पाने मागे उलटावी लागतात.